विमानातून मोजलेला ट्रेसर वायू: कच्च्या फायलीपासून लोटाच्या उत्सर्जनापर्यंत

एकाच उड्डाणाच्या फायली दोघांनी स्वतंत्रपणे सोडवल्या आणि उत्सर्जनाचे आकडे दुपटीने वेगळे आले, तर उपकरणाला दोष देण्याआधी दोघांनी कोणती पायरी कधी केली ते विचारा. बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो. एकाने बाष्पाची दुरुस्ती कॅलिब्रेशननंतर (माहीत प्रमाणाच्या वायूशी उपकरण जुळवून घेतल्यावर) केलेली असते, दुसऱ्याने पार्श्वभूमी (लोट नसताना हवेत असणारे प्रमाण) वजा केल्यावर घड्याळे जुळवलेली असतात. प्रत्येक दुरुस्ती तिच्या आधीच्या दुरुस्तीवर उभी असते, म्हणून खालचा क्रम मोडू नका.

हा लेख वाऱ्याच्या दिशेला आडव्या फेऱ्या मारत लोट (स्रोतातून निघून वाऱ्याबरोबर पसरणारा वायूचा पट्टा) छेदणाऱ्या विमानाच्या नोंदींसाठी आहे. ट्रेसर, म्हणजे हवेचा माग काढायला वापरलेला वायू, मुद्दाम सोडलेला असो (सल्फर हेक्झाफ्लोराइड किंवा परफ्लुरोकार्बन) किंवा स्रोतातूनच येणारा (मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड), पायऱ्या त्याच. फरक जिथे पडतो तिथे सांगितला आहे.

## आधीची तयारी

संगणक उघडण्याआधी पुढच्या गोष्टी हाताशी हव्यात. यातली एक जरी नसली तरी पुढे कुठेतरी अंदाज ठोकावा लागतो, आणि तो अंदाज केल्याचे महिनाभराने आठवत नाही.

- प्रत्येक उपकरणाची मूळ फाइल. ती फक्त वाचण्यापुरती खुली ठेवा. बदल नेहमी प्रतीवर.
- विमानाच्या जीपीएस, दाब, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याच्या नोंदी.
- उड्डाणात हाताने लिहिलेली वही: कॅलिब्रेशन कधी झाले, पंप कधी बंद पडला, धूर डोळ्यांना कुठे दिसला.
- कॅलिब्रेशन सिलिंडरची प्रमाणपत्रे, मोजपट्टीच्या (ज्या प्रमाणित मापावर सिलिंडरमधले प्रमाण ठरवले त्या मापाच्या) नावासह. कार्बन डायऑक्साइडसाठी जागतिक हवामान संघटनेची (डब्ल्यूएमओ) एक्स२०१९ आणि मिथेनसाठी एक्स२००४ए या पट्ट्या प्रचलित आहेत. जुन्या पट्टीवरचा सिलिंडर आणि नव्या पट्टीवरची पार्श्वभूमी एकत्र आली, तर लोट नसतानाही फरक दिसतो.
- हवा खेचणाऱ्या नळीची लांबी, आतला व्यास आणि प्रवाहाचा वेग.
- ट्रेसर सोडला असेल तर त्याची नोंद: सुरू-बंद होण्याची वेळ आणि सिलिंडरचे आधीचे व नंतरचे वजन. प्रवाहमापकाच्या आकड्यापेक्षा वजनातल्या फरकावर विश्वास ठेवा.

नळीची मापे लोक सर्वांत जास्त विसरतात. विमान पुन्हा दुसऱ्या कामाला लागले, नळी काढली गेली, की ती माहिती कायमची जाते. उड्डाणाच्या आदल्या दिवशीच मोजून लिहून ठेवा.

## पायरी १: सगळी घड्याळे एका वेळेवर आणा

विमानातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचे घड्याळ असते आणि प्रत्येक घड्याळ आपापल्या गतीने सरकते. सर्व नोंदी यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणायच्या.

पहिला सापळा इथेच आहे. जीपीएसची स्वतःची वेळ आणि यूटीसी एक नाहीत. १ जानेवारी २०१७ पासून जीपीएस वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. काही रिसीव्हर फाइल लिहिताना हा फरक काढून टाकतात, काही तसाच ठेवतात. विमानाचा वेग सेकंदाला ८० मीटर धरला तर १८ सेकंद म्हणजे १४४० मीटर. एवढ्या फरकाने लोट नकाशावर भलत्याच जागी जाऊन बसतो आणि मग त्या जागी स्रोत शोधण्यात आठवडा जातो.

उपकरणाच्या घड्याळाचा फरक उड्डाणाच्या सुरुवातीला आणि शेवटी, असा दोनदा काढा. दोन्ही आकडे वेगळे असतील तर मधल्या वेळेसाठी सरळ रेषेत दुरुस्ती करा. चार तासांत दोन-तीन सेकंदांचे सरकणे अजिबात असामान्य नाही.

पडताळणी: दाब मोजणारे दुसरे एखादे उपकरण विमानात असेल तर त्याचा आणि विमानाच्या मुख्य नोंदीतला दाब एकाच आलेखावर काढा. चढ-उताराची वळणे एकावर एक बसली पाहिजेत.

## पायरी २: नळीतला विलंब काढा

हवा नळीच्या तोंडाशी शिरते तेव्हा आणि उपकरणाच्या कक्षात मोजली जाते तेव्हा, यांत काही सेकंद जातात. त्याचा अंदाज आकडेमोडीने करता येतो. ४ मीटर लांब आणि आतून ४ मिलिमीटर व्यासाच्या नळीत सुमारे ५० घन सेंटिमीटर हवा मावते. मिनिटाला १ लिटर प्रवाह असेल तर ती नळी रिकामी व्हायला ३ सेकंद लागतात.

हा आकडा जमिनीजवळचा. उपकरण वस्तुमानाचा प्रवाह स्थिर ठेवत असेल, तर ७०० हेक्टोपास्कल दाबाच्या उंचीवर तीच नळी साधारण २ सेकंदांत रिकामी होते, कारण विरळ हवा जास्त वेगाने वाहते. म्हणजे सबंध उड्डाणाला एकच विलंब लावणे चूक आहे. दाबानुसार बदलणारा विलंब लावा.

आकडेमोडीला प्रत्यक्षाची जोड द्या. जमिनीवर असताना नळीच्या तोंडाशी कॅलिब्रेशन वायूचा छोटा झोत सोडा आणि उपकरणावर उडी कधी दिसते ते सेकंदात मोजा. कार्बन डायऑक्साइड मोजत असाल तर नळीजवळ सोडलेला एक उच्छ्वाससुद्धा पुरतो. पाच वेळा करा आणि मधला आकडा घ्या.

इशारा: पाण्याची वाफ नळीच्या भिंतींना चिकटते, त्यामुळे बाष्पाचा विलंब इतर वायूंपेक्षा जास्त असतो. बाष्पाच्या आलेखावरून काढलेला विलंब मिथेनला लावू नका.

दोन वायूंची उपकरणे वेगळी असतील तर प्रत्येकाचा विलंब वेगळा काढा. मग त्यांच्या संकेतांचा परस्परसंबंध वेळ सरकवत सरकवत तपासा. तो कमाल होतो तिथे सरकवणे शून्याच्या जवळ असायला हवे. ही तपासणी फक्त शेवटच्या खात्रीसाठी आहे. विलंब शोधण्याचे मुख्य साधन म्हणून तिचा वापर केला, तर दोन स्रोत शेजारी असतील तेव्हा ती एका स्रोताचा वायू दुसऱ्याच्या लोटावर नेऊन बसवते, आणि आलेख तर सुंदर दिसतो. मला या चुकीची सगळ्यांत जास्त भीती वाटते, कारण ती केल्यावर काहीच खटकत नाही.

## पायरी ३: खराब नोंदींवर खूण करा, पण पुसू नका

कॅलिब्रेशन चालू असतानाचे क्षण, कक्षाचा दाब किंवा तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेले क्षण, उपकरण तापत असतानाची पहिली मिनिटे, आणि विमानाने स्वतःचाच धूर हुंगलेले क्षण, या सगळ्यांना खुणेचा वेगळा स्तंभ द्या. खुणेचे कारणही आकड्याने लिहा. ओळ काढून टाकली तर वेळेच्या मालिकेत भोक पडते आणि पुढची सरासरी किंवा गाळणी त्या भोकावरून गुपचूप उडी मारते.

स्वतःचा धूर ओळखायला तीव्र वळणे पाहा. विमान स्वतःच्याच वाटेवरून परत आले आणि कार्बन मोनॉक्साइड किंवा नायट्रोजनची ऑक्साइडे एक-दोन सेकंदांसाठी टोकदार वर गेली, तर तो बहुधा तुमचाच धूर. सोडलेला ट्रेसर मात्र त्या क्षणी हलत नाही. स्रोत जमिनीवरचा असेल तर साधारणपणे दोन्ही एकत्र हलतात.

## पायरी ४: आधी बाष्प, मग कॅलिब्रेशन

हवेत पाण्याची वाफ आली की बाकी सगळ्या वायूंचा वाटा घटतो. म्हणून तुलना कोरड्या हवेतल्या मोल अपूर्णांकावर (एकूण रेणूंतला त्या वायूच्या रेणूंचा वाटा) करतात:

कोरडा अपूर्णांक = ओला अपूर्णांक ÷ (१ − बाष्पाचा अपूर्णांक)

हवेत २ टक्के वाफ असेल आणि उपकरण मिथेन १९२० पीपीबी (अब्ज भागांत १९२० भाग) दाखवत असेल, तर कोरडा आकडा १९५९ पीपीबी. फरक ३९ पीपीबीचा. कितीतरी खरे लोट याहून लहान असतात! ढगाच्या कडेने किंवा समुद्रावरून जाताना बाष्प बदलते आणि दुरुस्ती न केलेल्या मिथेनमध्ये त्याची सावली पडते.

लेझरवर चालणाऱ्या उपकरणांत बाष्पामुळे शोषण रेषाही (वायू शोषतो तो प्रकाशाचा अरुंद पट्टा) रुंदावते. म्हणून वरच्या साध्या सूत्राऐवजी त्या उपकरणासाठी प्रयोगशाळेत काढलेले दुरुस्ती गुणांक वापरा.

कॅलिब्रेशनचा वायू सिलिंडरमधून येतो, कोरडाच असतो. म्हणून हवेची नोंद आधी कोरडी करायची आणि मगच सिलिंडरशी तुलना करायची. उलट क्रमाने केले तर कॅलिब्रेशनच्या रेषेत बाष्पाची चूक मुरते आणि नंतर ती वेगळी काढता येत नाही.

कॅलिब्रेशनसाठी किमान दोन वेगळ्या प्रमाणांचे सिलिंडर हवेत. तिसरा सिलिंडर रेषा काढायला वापरू नका. तो फक्त परीक्षेसाठी. उपकरण सरकत असेल तर दोन कॅलिब्रेशनच्या मधल्या वेळेसाठी सरळ रेषेत अंतर्वेशन करा (दोन माहीत आकड्यांवरून मधला आकडा काढा).

सल्फर हेक्झाफ्लोराइडसाठी वेगळी सूचना: इलेक्ट्रॉन पकडणाऱ्या शोधकाला ऑक्सिजनसुद्धा दिसतो, म्हणून जलद उपकरणांत ऑक्सिजनची आधी हायड्रोजनशी क्रिया करून तो काढतात आणि तयार झालेले पाणी वाळवतात. या सगळ्या मांडणीची पायारेषा (लोट नसतानाची संकेताची पातळी) बाहेरच्या दाबाबरोबर हलते. त्यामुळे उंची बदलताना आलेला चढ लोट समजू नका. प्रत्येक सपाट फेरीची पायारेषा वेगळी काढा. शोधकाचा प्रतिसादही सरळ रेषेत नसतो, तेव्हा दोन बिंदूंवर भागत नाही. अपेक्षित कमाल प्रमाणापर्यंत निदान चार-पाच बिंदू लागतात.

## पायरी ५: प्रतिसादाचा वेग समजून घ्या

उपकरणाचा प्रतिसादकाल (हवेतला बदल आकड्यात उमटायला लागणारा वेळ) ३ सेकंद आणि विमानाचा वेग सेकंदाला ७५ मीटर असेल, तर तुमची दृष्टी २२५ मीटरने धूसर झाली आहे. ३०० मीटर रुंद लोटाचे शिखर अशा उपकरणात बसके दिसेल. शिखर बसते, शेपूट लांबते, पण आलेखाखालचे क्षेत्रफळ टिकते. म्हणूनच या लेखात पुढे सगळीकडे क्षेत्रफळ वापरले आहे. शिखरांची उंची भागून काढलेले गुणोत्तर, उपकरणांचे वेग वेगळे असतील तेव्हा, निरर्थक असते.

दोन वायूंचा बिंदूगणिक आलेख काढायचाच असेल तर जलद उपकरणाची मालिका मंद उपकरणाइतकी धूसर करा. मंद मालिका गणिताने तीक्ष्ण करण्याच्या मोहात पडू नका. त्यात गोंगाट फुगतो.

परफ्लुरोकार्बनचे नमुने बहुधा शोषक नळ्यांत गोळा करून नंतर प्रयोगशाळेत तपासतात. एक नळी ५ मिनिटे उघडी राहिली तर ती त्याच वेगाने २२.५ किलोमीटरांची सरासरी आहे. तिच्यातून लोटाची रुंदी काढता येत नाही. एकूण क्षेत्रफळ मात्र मिळते, अट एवढीच की नळ्यांमध्ये खंड पडलेला नसावा.

## पायरी ६: वारा तपासा

वारा विमानातून थेट मोजला जात नाही. जमिनीच्या सापेक्ष वेगातून हवेच्या सापेक्ष वेग वजा करून तो मिळतो: दोन मोठ्या आकड्यांतला लहान फरक. विमानाच्या नाकाची दिशा १ अंशाने चुकली तर सेकंदाला ८० मीटर वेगाला आडव्या वाऱ्यात १.४ मीटरची चूक येते. खरा वारा ५ मीटरचा असेल तर उत्सर्जनाचा आकडा पाव भागापेक्षा जास्त हलला.

तपासण्याचा सोपा मार्ग: लोटापासून दूर, शांत हवेत, एकाच रेषेवर जाऊन उलट फिरा आणि परत या. दोन्ही वेळचा सरासरी वारा सारखा यायला हवा. दिशा बदलली की वारा बदलत असेल, तर ती चूक विमानाच्या मोजणीतली आहे आणि ती आधी काढावी लागेल.

इशारा: हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती. ‘२७० अंश’ म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे. पूर्व-पश्चिम व दक्षिण-उत्तर घटक काढताना हे उलटे झाले, तर लोट वाऱ्याविरुद्ध वाहतो. आणि वाऱ्याच्या दिशेची साधी सरासरी कधीही काढू नका. ३५० आणि १० यांची सरासरी १८० येते. आधी घटक, मग सरासरी.

## पायरी ७: पार्श्वभूमी ठरवा

ही पायरी घाईने उरकली की बाकी सगळी मेहनत फुकट. लोट म्हणजे मोजलेले प्रमाण वजा लोट नसता तर तिथे असते ते प्रमाण. दुसरा आकडा कोणतेही उपकरण मोजत नाही. तो तुम्ही ठरवता.

सबंध उड्डाणातली किमान किंमत पार्श्वभूमी म्हणून घेण्याची सवय फार पसरली आहे. ती किंमत बहुधा सीमास्तराच्या (जमिनीलगतच्या, सतत ढवळल्या जाणाऱ्या हवेच्या थराच्या) वरच्या, वेगळ्या हवेतली असते. तिचा खालच्या फेरीशी संबंध नाही. शिवाय किमान किंमत म्हणजे गोंगाटाचेच खालचे टोक, त्यामुळे सगळीकडे थोडा थोडा खोटा लोट तयार होतो.

मी असे करतो. प्रत्येक फेरीसाठी लोटाच्या दोन्ही कडांबाहेरचे दोन-तीन किलोमीटर निवडतो, त्यांची मध्यक किंमत घेतो, आणि दोन्ही बाजूंमध्ये सरळ रेषा ओढतो. डावी आणि उजवी बाजू वेगळ्या असणे स्वाभाविक आहे. रेषा तिरकी असू द्या. मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला (वारा स्रोताकडे जिकडून येतो तिकडे) केलेली फेरी घेऊन पाहतो, तिथे आधीच काही येत आहे का. येत असेल तर ते स्रोताच्या खात्यात जाता कामा नये.

चूक किती महाग पडते ते पाहा. लोटात सरासरी वाढ ५० पीपीबी आणि रुंदी ४ किलोमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २०० पीपीबी-किलोमीटर. पार्श्वभूमी फक्त २ पीपीबीने चुकली आणि तुम्ही खबरदारी म्हणून २० किलोमीटरवर बेरीज केली, तर चूक ४० पीपीबी-किलोमीटर, म्हणजे २० टक्के. बेरजेच्या सीमा लोटाच्या कडांपाशी ठेवा. ऐसपैस सीमा सुरक्षित वाटतात, पण नसतात.

कडा कुठे? कडांबाहेरच्या भागातल्या गोंगाटाचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचे माप) काढा. संकेत त्याच्या तिप्पट वर सलग काही सेकंद राहिला तर लोट सुरू झाला असे माना, आणि मग दोन्ही बाजूंना संकेत पार्श्वभूमीला टेकेपर्यंत सीमा सरकवा. फक्त तिपटीच्या आतलाच भाग घेतला तर लोटाच्या कडा कापल्या जातात आणि उत्सर्जन दरवेळी कमीच येते.

सोडलेल्या ट्रेसरची इथे मोठी मदत होते. सल्फर हेक्झाफ्लोराइडची हवेतली पातळी लाख कोटी भागांत ११-१२ भाग एवढीच आहे आणि ती जागोजागी फारशी बदलत नाही. परफ्लुरोकार्बनची तर याच्याही खूप खाली. म्हणून लोटाच्या कडा ट्रेसरवरून ठरवा आणि त्याच कडा मिथेनला लावा.

पडताळणी: पार्श्वभूमी वजा केल्यावर लोटाबाहेरच्या नोंदींची सरासरी शून्याच्या जवळ आली का? आकडे शून्याच्या वर-खाली सारखेच पसरले आहेत का? उणे आकडे शून्य करून टाकू नका. तसे केले की गोंगाटाची फक्त वरची बाजू बेरजेत उरते.

## पायरी ८: ट्रेसरच्या गुणोत्तरावरून उत्सर्जन

ट्रेसर स्रोताजवळच सोडला असेल तर वारा आणि सीमास्तराची उंची लागतच नाही, कारण दोन्ही वायू सारखेच पसरतात:

अज्ञात वायूचे उत्सर्जन (मोल) = ट्रेसरचे उत्सर्जन (मोल) × (अज्ञात वायूचे क्षेत्रफळ ÷ ट्रेसरचे क्षेत्रफळ)

समजा सल्फर हेक्झाफ्लोराइड ताशी ५ किलो सोडला. त्याचे मोलर वस्तुमान १४६.०६ ग्रॅम, म्हणजे ताशी ३४.२ मोल. क्षेत्रफळांचे गुणोत्तर ४६०० आले, तर मिथेन ताशी सुमारे १ लाख ५७ हजार मोल. १६.०४ ने गुणले की ताशी सुमारे २५२० किलो.

इथली नेहमीची चूक एककांची: मिथेन पीपीबीत आणि ट्रेसर पीपीटीत (लाख कोटी भागांत किती) ठेवून भागाकार. उत्तर हजार पटीने चुकते. दुसरी चूक, किलोला थेट गुणोत्तराने गुणणे. मोजलेले गुणोत्तर मोलचे असते, किलोचे नव्हे.

आणि एक अट, जी गणितात दिसत नाही: ट्रेसर आणि स्रोत खरोखर एकाच ठिकाणी हवेत. स्रोत एक किलोमीटर पसरलेला आणि ट्रेसर त्याच्या एका कोपऱ्यावर असेल, तर फार जवळून उडून उपयोग नाही. दोन्ही लोट एकमेकांत मिसळेपर्यंत मागे जा. स्रोत गरम धूर उंच फेकत असेल आणि ट्रेसर जमिनीवर सोडला असेल, तेव्हाही तेच. सल्फर हेक्झाफ्लोराइड स्वतः अतिशय प्रबळ हरितगृह वायू आहे, तेव्हा कमीत कमी जेवढ्यात संकेत मिळेल तेवढाच सोडा.

क्षेत्रफळाऐवजी बिंदूंतून रेषा काढत असाल तर साधे रिग्रेशन (फक्त उभ्या अक्षावरचे अंतर धरून रेषा बसवणे) टाळा. आडव्या अक्षावरच्या वायूत गोंगाट असला की ते उतार कमी दाखवते. दोन्ही अक्षांवरची अनिश्चितता धरणारी लंब अंतराची पद्धत वापरा. चाचणी सोपी आहे: साध्या रिग्रेशनने उतार काढा, मग अक्ष अदलाबदल करून तसाच पुन्हा काढा. दोन उतारांचा गुणाकार १ च्या जवळ असेल तर ठीक, ०.७ आला तर उतारावर अवलंबून राहू नका, क्षेत्रफळाकडे या.

## पायरी ९: वस्तुमान संतुलनावरून उत्सर्जन

ट्रेसर सोडलेला नसेल, किंवा आधीच्या आकड्याची खातरजमा करायची असेल, तर वाऱ्याला आडवा एक अदृश्य पडदा कल्पा आणि त्यातून दर सेकंदाला किती वायू पार होतो ते मोजा. पडद्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी चार गोष्टींचा गुणाकार: वाढ, हवेची मोलर घनता, पडद्याला लंब वारा, आणि तुकड्याचे क्षेत्रफळ.

मोलर घनता बाहेरच्या हवेच्या दाब-तापमानावरून काढा, उपकरणाच्या कक्षातल्या दाबावरून नव्हे. ती जमिनीजवळ घनमीटरला सुमारे ४१ मोल असते आणि ७०० हेक्टोपास्कलला सुमारे ३१. सगळीकडे एकच आकडा लावला तर वरच्या फेऱ्या फुगतात.

उदाहरण घेऊ. सरासरी वाढ ५० पीपीबी, रुंदी ४००० मीटर, सीमास्तर १२०० मीटर, लंब वारा सेकंदाला ५ मीटर, दाब ९०० हेक्टोपास्कल, तापमान २९३ केल्विन. घनता ३६.९५ मोल. गुणाकार: सेकंदाला ४४.३ मोल, म्हणजे ताशी सुमारे २५६० किलो मिथेन. आधीच्या पायरीतल्या उदाहरणाशी हे जुळते. प्रत्यक्षात दोन स्वतंत्र मार्ग इतके जवळ आले तर मात्र मी आधी दोन्हींत एखादा समान आकडा तर शिरला नाही ना, ते शोधतो.

आता या पायरीतल्या ठेचा.

अंतर जमिनीवरचे घ्या. फेरीची लांबी जमिनीच्या सापेक्ष वेगावरून काढायची. विमानाच्या हवेच्या वेगावरून काढली तर त्यात वाऱ्याचा परिणाम मिसळतो.

कोन एकदाच लावा. फेरी वाऱ्याला अगदी काटकोनात नसेल, तर एक तर प्रत्यक्ष फेरीची लांबी आणि तिला लंब वाऱ्याचा घटक घ्या, किंवा वाऱ्याला लंब पडद्यावरची फेरीची सावली आणि पूर्ण वारा घ्या. दोन्ही एकदम केले की कोन दोनदा लागतो. ३० अंशांचा तिरकेपणा असेल तर उत्तर १३ टक्क्यांनी कमी येते.

सीमास्तराची उंची त्याच तासाची हवी. चढताना-उतरताना घेतलेल्या उभ्या छेदात विभव तापमान (हवा एका ठरावीक दाबावर आणली तर होईल ते तापमान), बाष्प आणि मोजलेला वायू एकत्र पाहा. तिघेही ज्या उंचीवर वळतात ती खरी. सकाळी स्तर भराभर वाढत असतो, त्यामुळे फेऱ्यांच्या सुरुवातीचा आणि शेवटचा छेद वेगळा येतो. शक्य तर दुपारच्याच फेऱ्या वापरा.

सर्वांत खालच्या फेरीखाली काय आहे? विमान १५० मीटरखाली गेले नसेल तर तो पट्टा रिकामा आहे. दुपारी स्तराची एक उलथापालथ साधारण १०-१५ मिनिटांत होते. सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात तेवढ्या वेळात लोट ४ किलोमीटर जातो. दोन-तीन उलथापालथी होतील एवढ्या अंतरावर उडाला असाल तर खालच्या फेरीचीच किंमत जमिनीपर्यंत धरायला हरकत नाही. त्याहून जवळ असाल तर दोन गणिते करा: एकात किंमत जमिनीपर्यंत तशीच, दुसऱ्यात जमिनीकडे वाढत जाणारी. दोन्ही उत्तरे कळवा. नकाशा रंगवणाऱ्या अंतर्वेशन पद्धती हा पट्टा आपोआप भरून टाकतात आणि तो भरलेला भाग मोजलेल्यासारखा दिसतो. त्यावर रेघा मारून वेगळा दाखवा.

एका फेरीवर घंटेच्या आकाराची वक्ररेषा बसवू नका. ती रेषा सरासरी लोटाची असते. एका क्षणी छेदलेला लोट फाटलेला, दुहेरी, एका बाजूला झुकलेला असतो, आणि तसाच असायला हवा. पाच-सहा फेऱ्यांची सरासरी घ्या, मग आकाराबद्दल बोला.

## पायरी १०: अनिश्चितता

वाऱ्याची १० टक्के, पार्श्वभूमीची १५, सीमास्तराची ८ आणि उपकरणाची १, या स्वतंत्र असतील तर वर्गांच्या बेरजेचे मूळ घेऊन एकूण सुमारे २० टक्के येते. उपकरणाचा आकडा शून्य केला तरी एकूण हलत नाही. सुधारणा कुठे करायची ते इथे कळते.

पण स्वतंत्र आहेत का? पार्श्वभूमीची निवड आणि लोटाच्या सीमा एकमेकांत अडकलेल्या असतात. त्यामुळे माझा भर मॉन्टे कार्लोवर: विलंब, पार्श्वभूमीचे पट्टे, सीमा, वारा, स्तराची उंची हे सगळे त्यांच्या मर्यादेत यादृच्छिकपणे बदलून सबंध साखळी हजार वेळा चालवा, आणि उत्तरांचा पसारा पाहा. यासाठी पायरी १ पासूनची साखळी एकाच प्रोग्राममध्ये असावी लागते. स्प्रेडशीटवर हाताने सरकवलेले आकडे इथे अडवतात.

## पायरी ११: आकडा बाहेर देण्याआधी

स्रोतापासून वाऱ्याच्या वरच्या बाजूला केलेल्या फेरीवर हेच सगळे गणित चालवा. उत्तर अनिश्चिततेच्या आत शून्य यायला हवे. स्रोतापासून वेगवेगळ्या अंतरावरच्या फेऱ्यांचे उत्तर सारखे यायला हवे, कारण न विरघळणारा, न विघटन पावणारा वायू वाटेत नाहीसा होत नाही. अंतराबरोबर उत्सर्जन सरळ वाढत असेल तर जवळच्या फेऱ्यांत लोटाचा भाग विमानाच्या खालून किंवा वरून निसटतो आहे. ट्रेसर सोडला असेल तर त्याचेही वस्तुमान संतुलन करा: ५ किलो सोडले आणि ३ किलोच सापडले, तर मिथेनचा आकडाही त्याच प्रमाणात अपुरा असण्याची शक्यता आहे.

स्वतःच्या नोंदींवर साखळी चालवण्याआधी उत्तर माहीत असलेल्या प्रयोगावर सराव करणे उत्तम. १९८३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या डेटनहून पाच वेळा आणि कॅनडातल्या सडबरीहून दोन वेळा परफ्लुरोकार्बन सोडून जमिनीवरून व विमानांतून मोजला गेला होता. किती सोडले याची नोंद आहे आणि मोजणीही उपलब्ध आहे.

आकडा लिहिताना त्याच्यासोबत तारीख आणि तास लिहा. कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅन्यन इथल्या भूमिगत वायुसाठ्यातल्या गळतीवर ७ नोव्हेंबर २०१५ ते १३ फेब्रुवारी २०१६ दरम्यान तेरा उड्डाणे झाली. मिथेनचा दर कमाल ताशी सुमारे ६० टन होता, आणि साठ्यातला दाब उतरत गेला तसा तो घटत गेला. एकूण गळती ९७,१०० टन ठरली ती या सगळ्या उड्डाणांवरून. पहिल्याच महिन्यातला एखादा आकडा घेऊन दिवसांनी गुणला असता तर बेरीज बरीच फुगली असती. तुमच्याकडे एकाच दुपारचे उड्डाण असेल, तर तुमच्याकडे त्या दुपारचा दर आहे. वर्षाचा आकडा त्यातून काढू नका.

शेवटी फाइल साठवताना कच्चे, कोरडे, कॅलिब्रेट केलेले आणि पार्श्वभूमी वजा केलेले असे चारही स्तंभ ठेवा, सोबत खुणेचा स्तंभ, वापरलेला विलंब, मोजपट्टीचे नाव, पार्श्वभूमीचे पट्टे आणि प्रोग्रामची आवृत्ती. सिलिंडरच्या प्रमाणपत्रावरचा आकडा उद्या सुधारला गेला, तर पुन्हा गणित करणाऱ्याला पायरी ४ पासून सुरुवात करता आली पाहिजे.